टिचलेली काच

खंबाटकी घाट उतरून सुरूर फाट्याकडे जाताना माझ्या पुढे खडीचा डंपर होता. वर ताडपत्री नव्हती. मी पुरेसं अंतर ठेवून चालले आहे असं मला वाटत होतं. तेवढ्यात ‘टक्’ असा आवाज झाला. मोठा नव्हता, कुणी नखाने टिचकी मारावी तेवढाच. पण मी दचकून डोळे मिटले. ताशी ऐंशीच्या वेगात अर्धा सेकंद डोळे मिटणं म्हणजे अकरा मीटर आंधळं जाणं. हा हिशेब मी नंतर केला.

डोळे उघडले तेव्हा समोरच्या काचेवर डावीकडे, खालच्या बाजूला एक छोटासा तारा उमटला होता. रुपयाच्या नाण्याहून लहान. मधे टोचल्यासारखा खड्डा आणि भोवती चार-पाच केसाएवढ्या रेघा. बाकी काच होती तशीच होती. रस्ता दिसत होता, ऊन दिसत होतं, डंपरही दिसत होता.

ही माझी पहिली गाडी. सेकंडहँड, घेऊन सात महिने झालेली आणि हप्ते अजून चार वर्षं चालणारी. कराडला पोचेपर्यंत मी माझी समजूत काढली होती. आत काही आलं नाही ना? मग झालं तर.

आप्पांनी मात्र गाडी फाटकातून आत येतानाच पाहिलं.

“काच टिचली की गं.”

“एवढासा खडा लागला, आप्पा. काही झालं नाही.”

“काय झालं न्हाई कसं? टिचल्याली काच थांबत न्हाई. उद्याच्या उद्या कुणाला तरी दाखीव.”

आप्पांनी सव्वीस वर्षं टेंपो चालवला. गाडीत जरा वेगळा आवाज आला तरी ते खाली उतरून बघतात. त्यांची ही सवय मला लहानपणापासून माहीत होती, म्हणून मी ‘हो’ म्हटलं आणि पुढचे बारा दिवस काहीही केलं नाही. म्हणजे अगदी काहीच नाही असं नाही. एखादं काम टाळायचं असलं की मी त्या कामाबद्दल वाचत बसते. तसं या वेळी गाडीच्या काचेबद्दल वाचत बसले. हा लेख त्या टाळाटाळीतून आला आहे. तिची किंमत किती पडली ते शेवटी सांगते.

*

‘टिचणे’ हा शब्द मला आप्पांच्या तोंडी ऐकूनच माहीत आहे. फुटणे वेगळं, तडकणे वेगळं, टिचणे वेगळं. टिचलेली वस्तू अजून वापरात असते. आमच्या आजीच्या घरी कंदिलाची काच बहुतेक वेळा टिचलेलीच असायची म्हणे. पेटलेल्या कंदिलावर पावसाचा एक थेंब पडला की तापलेल्या काचेला चीर जायची. मग आजी त्या चिरेवर कागदाची पट्टी चिकटवायची आणि तीच काच आणखी काही दिवस चालवायची. पट्टी काळी पडायची आणि चीर तिच्याखालून हळूहळू वर सरकायची. एके दिवशी काच हातात यायची ती दोन तुकड्यांतच.

आमचं गाव ओगलेवाडीपासून जवळ. ओगले बंधूंनी १९१६ साली तिथे काच कारखाना काढला. तेव्हा तो भाग औंध संस्थानात होता. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील नंतर महाराष्ट्रात घरोघरी गेला. त्याच्याही आधी, १९०८ मध्ये, तळेगावला लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाने काच कारखाना सुरू केला होता. म्हणजे काच बनवणं हे आपल्याकडे एका पिढीचं स्वदेशीचं स्वप्न होतं. आज ओगलेवाडीचा कारखाना बंद आहे आणि कंदील हॉटेलात शोभेला टांगलेले दिसतात. पण काच कशी वागते, हे कंदिलाने आमच्या आजीला जेवढं शिकवलं होतं तेवढं मला माझ्या पदवीने शिकवलं नाही.

आजीला जे अनुभवाने माहीत होतं, त्याचा हिशेब १९२० च्या सुमारास इंग्लंडमध्ये एका तरुण इंजिनिअरने मांडला. ॲलन अर्नोल्ड ग्रिफिथ त्याचं नाव. फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन संस्थेत तो काम करत होता. त्याला पडलेला प्रश्न साधा होता. काचेतल्या अणूंची एकमेकांवरची पकड पाहिली, तर काच पोलादासारखी मजबूत असायला हवी. मग ती प्रत्यक्षात इतक्या सहज का फुटते? त्याने काचेचे बारीक धागे ओढून तपासले. धागा जितका बारीक, तितका त्याच्या जाडीच्या मानाने अधिक मजबूत निघाला. त्यावरून ग्रिफिथने निष्कर्ष काढला की काच स्वतः कमजोर नसते. तिच्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म चिरा असतात, आणि ताण पडला की तो सगळा त्या चिरांच्या टोकाशी गोळा होतो.

त्याच्या गणितातला खरा धडा पुढे आहे. चीर वाढताना तिला काच फाडायला ऊर्जा लागते, आणि ती वाढल्यामुळे आजूबाजूचा ताण सुटून ऊर्जा मोकळीही होते. चीर लहान असेपर्यंत खर्च जास्त आणि मिळकत कमी असते, म्हणून ती जागच्या जागी बसून राहते. एका ठरावीक लांबीनंतर हिशेब उलटतो. मग तिला बाहेरून ढकलावं लागत नाही, ती स्वतःच्याच मिळकतीवर धावत सुटते. धातू चिरेच्या टोकाशी थोडा वाकतो, दबतो आणि चिरेला अडवतो. काचेला वाकणं माहीत नाही.

‘टिचल्याली काच थांबत न्हाई,’ असं आप्पा म्हणाले होते. विज्ञान म्हणतं की थांबते, पण ती कुठवर थांबेल हे आपल्या हातात नसतं. मी तेव्हा यातला पहिला अर्धाच भाग मनावर घेतला.

*

सुरुवातीच्या मोटारींना समोर काचच नव्हती. लोक गॉगल लावून, मानेभोवती मफलर गुंडाळून धूळ खात जायचे. वेग वाढला तशी काच आली, पण ती खिडकीला असते तशी साधी काच होती. वाऱ्यापासून तिने वाचवलं, पण अपघात झाला की तिच्या सुऱ्या व्हायच्या. गाडी झाडाला धडकली तर माणूस धडकेने मरायच्या आधी काचेने कापला जायचा. वारा अडवणारी वस्तूच माणसाचा गळा कापत होती.

यावरचा उपाय एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच माणसाच्या नावावर आहे. तो चित्रकारही होता, कापडावरची आणि गालिच्यांवरची नक्षी काढायचा, आणि रसायनशास्त्रही करायचा. त्याची गोष्ट अशी सांगतात. १९०३ साली प्रयोगशाळेत फळीवरून त्याच्या हातून एक काचेचा चंबू खाली पडला. चंबू फुटला, पण विखुरला नाही. तुकडे एकमेकांना धरून राहिले होते. त्या चंबूत कधीकाळी सेल्युलोज नायट्रेटचा द्रव होता. तो वाळून आतून एक पातळ, न दिसणारा पापुद्रा तयार झाला होता आणि त्यानेच तुकड्यांना धरून ठेवलं होतं. बेनेदिक्तुसने त्या चंबूवर चिठ्ठी लावली आणि तो ठेवून दिला. पुढे पॅरिसमधल्या मोटार अपघातांत काचेने लोक कापले गेल्याच्या बातम्या वाचताना त्याला तो चंबू आठवला. १९०९ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. काचेचे दोन थर आणि मधे सेल्युलॉइडचा एक, म्हणून नाव पडलं ‘ट्रिप्लेक्स’.

अशा गोष्टी सांगता सांगता गुळगुळीत होत जातात, त्यामुळे चंबूचा प्रसंग अगदी असाच घडला का, यावर मी पैज लावणार नाही. पण त्यातला एक तपशील मला फार आवडतो. त्याने फुटलेला चंबू टाकून दिला नाही. त्याच्यावर चिठ्ठी लावली.

गाडीवाल्यांनी ही काच लगेच डोक्यावर घेतली असंही झालं नाही. ती महाग होती. आणि काच कशी फुटेल याबद्दल बोलायचं म्हणजे आपली गाडी आपटू शकते हे आधी कबूल करायचं. ट्रिप्लेक्सला पहिलं मोठं काम मिळालं ते पहिल्या महायुद्धात, विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांच्या डोळ्यांवरच्या काचांसाठी. स्फोटाने काच टिचली तरी तिने डोळ्यावर टिकून राहणं भाग होतं. युद्ध संपल्यावर ती हळूहळू रस्त्यावर आली. १९२७ च्या अखेरीस फोर्डने ‘मॉडेल ए’ बाजारात आणली आणि सामान्य माणसाला परवडणाऱ्या गाडीतही ही काच दिसू लागली.

*

इथे मला बॅक्स्टर भेटला.

मे १९३० मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात बॅक्स्टर नावाच्या माणसाने फोर्डची मॉडेल ए गाडी घेतली. कंपनीच्या छापील माहितीपत्रकात तिच्या समोरच्या काचेचं मोठं वर्णन होतं. कितीही जोराचा आघात झाला तरी ही काच उडणार नाही, विखुरणार नाही, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला तो स्नोक्वाल्मी खिंडीतून गाडी चालवत जात होता. शेजारून गेलेल्या गाडीच्या चाकाखालून एक खडा उडाला आणि काचेवर बसला. काचेचे बारीक कण आत उडाले. बॅक्स्टरचा डावा डोळा गेला.

हे वाचताना मी मोबाइल बाजूला ठेवला. घाट, पुढची गाडी, खडा. माझ्या आणि त्याच्या प्रसंगात नव्वदहून अधिक वर्षांचा फरक होता. मधल्या वर्षांत काच सुधारली होती आणि मला फक्त ‘टक्’ असा आवाज ऐकू आला होता.

बॅक्स्टरने फोर्डवर दावा लावला. फोर्डचं म्हणणं कायद्याला धरून होतं. आमचा याच्याशी करारच नाही, याने गाडी विक्रेत्याकडून घेतली, आमच्याकडून नाही. त्या काळी हा बचाव चालायचा. पण १९३२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. न्यायालयाची भूमिका थोडक्यात अशी होती की काच खरोखर तशी आहे की नाही, हे सामान्य गिऱ्हाइकाला पाहून कळणं शक्य नाही. तो छापील शब्दावर विश्वास ठेवतो. तो शब्द ज्याने छापला, त्याने तो खोटा ठरल्यावर भरपाई दिली पाहिजे, मधे विक्रेता असो वा नसो. खटला पुन्हा चालला आणि १९३४ मध्ये पुन्हा बॅक्स्टरच्याच बाजूने निकाल कायम झाला. आजही ग्राहकाच्या हक्कांचा कायदा शिकताना हा खटला वाचतात.

मला यात दिसलं ते असं. फोर्डची काच वाईट नव्हती, बाजारात तेव्हा मिळणाऱ्या चांगल्या काचांपैकी होती. चूक काचेपेक्षा वाक्यात होती. ‘ही काच फुटेल, पण तुम्हाला शक्य तितकं सांभाळेल’ असं लिहिलं असतं तर गाड्या कदाचित कमी खपल्या असत्या, पण ते खरं झालं असतं. न फुटणारी काच कुणीच बनवलेली नाही. गेल्या शंभर वर्षांत जे काही शोधलं गेलं, ते काच फुटल्यावर काय होईल याबद्दलचं आहे.

*

पुढची सुधारणा त्या मधल्या थरात झाली. सेल्युलॉइड उन्हाने पिवळं पडायचं. काही वर्षांत समोरची काच चहाच्या रंगाची व्हायची. १९३० च्या दशकाच्या शेवटाकडे त्याच्या जागी पॉलिव्हिनिल ब्युटिरल हे प्लास्टिक आलं. ते पिवळं पडत नाही, काचेला घट्ट धरतं आणि रबरासारखं ताणतं. १९६० च्या दशकात अमेरिकेत या थराची जाडी ०.३८ मिलिमीटरवरून ०.७६ मिलिमीटर झाली. डोकं आपटलं तर ते काच फोडून आरपार जाऊ नये, जाळीत पडल्यासारखं अडावं म्हणून. आज तुमच्या गाडीच्या समोरच्या काचेत साधारण दोन-दोन मिलिमीटरच्या दोन काचा आणि मधे हा पाऊण मिलिमीटरचा पापुद्रा आहे. तुमच्या आणि रस्त्याच्या मधे इतकंच काय ते आहे.

काचेचा दुसराही एक घराणा होता. काच सहाशे अंशांच्या वर तापवायची आणि थंड हवेच्या झोतांनी एकदम गार करायची. बाहेरचा भाग आधी आवळतो, आतला नंतर आकसतो आणि बाहेरच्याला ओढून धरतो. ही झाली टफन्ड काच. ती साध्या काचेच्या कितीतरी पट सोसते. पण तिच्यात ताण कोंडलेला असतो, त्यामुळे फुटते तेव्हा एका क्षणात सगळी फुटते आणि तिचे खडीसाखरेसारखे दाणे होतात. गाडीच्या बाजूच्या खिडक्यांना आजही हीच काच असते आणि तिथे ती योग्यही आहे. पण अनेक वर्षं कित्येक गाड्यांना समोरही हीच असायची.

हे वाचलं त्या रात्री मी आप्पांना फोन केला. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांच्या पेरांवर पांढरे वण आहेत. लहानपणी विचारलं तर ‘काच लागली’ एवढंच सांगायचे. या वेळी सगळं सांगितलं.

१९८९ ची गोष्ट. भाजी भरून टेंपो मुंबईला निघाला होता. बोरघाटात पहाटे तीनच्या सुमाराला काचेवर खडा बसला.

“आवाज असा न्हाईच. नुसतं समोर पांढरं झालं बघ. दूध सांडल्यावानी. रस्ता न्हाई, गाडी न्हाई, काय न्हाई.”

“मग?”

“मग काय, मूठ घातली. भोक पाडलं आन् त्यातनं बघत गाडी बाजूला घेतली. उतार हुता.”

उरलेली काच त्यांनी हाताने झाडून काढली. तोंडाला उपरणं गुंडाळून, डोळे किलकिले करत, हाताला फडकं बांधून भायखळ्यापर्यंत गाडी नेली. भाजी वेळेत पोचायला हवी होती. घरी येऊन आईला सांगितलं की काच लागली.

आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी गाडीला सुरक्षा काच सक्तीची केली. पण समोरची काच लॅमिनेटेडच हवी ही अट १९९३ च्या दुरुस्तीने आली, तीही तीन वर्षांची मुदत देऊन. म्हणजे त्यानंतर बनणाऱ्या गाड्यांना. बेनेदिक्तुसच्या अर्जापासून मोजलं तर मधे चौऱ्याऐंशी वर्षं गेली. सरकारी नियमाची एक ओळ किती कोरडी असते! पण समोर दूध सांडल्यावानी पांढरं होणं त्या एका ओळीने थांबवलं.

*

आता दुरुस्तीकडे येते, कारण खरं तर मला तेच करायचं होतं.

टफन्ड काच दुरुस्त होत नाही, तिथे दुरुस्त करायला काही उरतच नाही. लॅमिनेटेड काच मात्र टिचली तरी उभी राहते, आणि बऱ्याचदा फक्त बाहेरचा थर टिचतो. त्यामुळे ती सांधता येते. हा धंदा तसा अलीकडचा आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १९७२ साली सुरू झालेली ‘नोव्हस’ ही त्यातल्या सुरुवातीच्या कंपन्यांपैकी एक.

काम दिसायला साधं आहे. खड्ड्यावर एक छोटं यंत्र बसवतात. ते आधी चिरांमधली हवा ओढून घेतं आणि मग दाबाने पातळ रेझिन आत सोडतं. काच आणि हे रेझिन प्रकाशाला जवळजवळ सारखंच वळवतात, त्यामुळे चीर रेझिनने भरली की दिसेनाशी होते. अतिनील दिव्याखाली ते काही मिनिटांत कडक होतं. वर राहिलेलं पात्याने खरवडून पुसून घेतात. नीट पाहिलं तर एक फिकट ठिपका राहतो, पण चिरेचं टोक बुजलेलं असतं आणि ताणाला गोळा व्हायला जागा उरत नाही. ग्रिफिथच्या हिशेबाला लावलेली पाचरच ती.

पण त्याला अटी आहेत. खूण नाण्याएवढी किंवा त्याहून लहान हवी. चालकाच्या नजरेसमोर नको, कारण तो फिकट ठिपकाही रात्री समोरच्या दिव्यात चमकतो. काचेच्या कडेजवळ नको, कारण तिथे ताण जास्त असतो. आतल्या थराला धक्का लागलेला नको. आणि शेवटची अट म्हणजे उशीर नको. चिरेत एकदा धूळ आणि पाणी शिरलं की रेझिन नीट धरत नाही. तोवर खड्ड्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवायची. आजीची कागदाची पट्टी आठवली? फरक इतकाच की ही चीर झाकायला नसते, ती आत काही शिरू नये म्हणून असते.

माझा तारा सगळ्या अटींत बसत होता. शेवटची सोडून.

*

या बारा दिवसांत वाचलेली आणखी एक गोष्ट सांगते. बॅक्स्टरच्याच वॉशिंग्टन राज्यात १९५४ च्या वसंतात एक विचित्र साथ आली. मार्चच्या अखेरीस बेलिंगहॅम शहरातल्या लोकांना गाड्यांच्या समोरच्या काचांवर बारीक खड्डे दिसू लागले. पोलिसांना वाटलं, कुणी टवाळ पोरं छर्रे मारतायत. मग शेजारच्या गावांत खड्डे दिसले, मग नौदलाच्या तळावर, आणि एप्रिलच्या मध्यावर सिअॅटल शहरात. दोन दिवसांत हजारो काचांच्या तक्रारी आल्या. लोकांनी काचांवर वर्तमानपत्रं आणि पायपुसणी अंथरली. कुणी म्हणालं वाळूतले किडे, कुणी म्हणालं विश्वकिरण, कुणी म्हणालं नौदलाच्या नव्या रेडिओ मनोऱ्याच्या लहरी. सगळ्यात जास्त भीती होती ती अणुराखेची. कारण त्याच १ मार्चला अमेरिकेने पॅसिफिक महासागरात आजवरचा आपला सगळ्यात मोठा हायड्रोजन बॉम्ब उडवून पाहिला होता. महापौरांनी राज्यपालांना आणि थेट राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना तार केली.

तपासणाऱ्यांना काय सापडलं? फारसं काही नाही. खड्डे होते, पण ते आधीपासूनच होते. कुठल्याही वापरलेल्या गाडीच्या काचेवर धुळीचे आणि खड्यांचे असे व्रण असतात. फरक इतकाच झाला होता की लोक आयुष्यात पहिल्यांदा काचेतून न बघता काचेकडे बघत होते. काही दिवसांत तक्रारी बंद झाल्या. पुढे समाजशास्त्राच्या पुस्तकांत हे प्रकरण सामूहिक भ्रमाचं उदाहरण म्हणून जाऊन बसलं.

ही गोष्ट मला फार सोयीची वाटली. ‘बघा, उगाच काचेकडे बघत बसलं की खड्डे दिसतातच.’ मी ती आप्पांनाही सांगणार होते. पण तिचा दुसरा अर्थ मी सोडून दिला होता. सिअॅटलच्या लोकांचं खड्ड्यांच्या कारणाबद्दल चुकलं. खड्डे मात्र होते. वर्षानुवर्षं होते, आणि कुणीच पाहिले नव्हते. घाबरण्यात आणि लक्ष ठेवण्यात फरक आहे, आणि मी आप्पांच्या लक्ष ठेवण्याला इतकी वर्षं घाबरणं समजत आले होते.

*

तेराव्या दिवशी दुपारी तीनला मी ऑफिसमधून लवकर निघाले. मे महिना. पुण्याच्या उन्हात गाडी सकाळपासून उघड्यावर तापत होती. आत बसले, एसी पूर्ण लावला आणि झोत काचेवर सोडला. बाहेर तापलेली काच, आत गार हवा. पेटलेल्या कंदिलावर पावसाचा थेंब.

सिग्नलला उभी असताना बारीक ‘चर्र’ असा आवाज आला आणि त्या ताऱ्याच्या एका टोकातून रेघ निघाली. माझ्या डोळ्यांदेखत ती वीतभर उजवीकडे आली, थोडी वळली आणि थांबली. सिग्नल सुटेपर्यंत मी तिच्याकडे बघत होते. मागच्याने हॉर्न वाजवला.

दुरुस्तीचा प्रश्न संपला. आता काच बदलणंच आलं. विम्यात एक बरं असतं, गाडीच्या इतर भागांसारखा काचेवर घसारा कापत नाहीत. पण दावा केला की नो क्लेम बोनस जातो, आणि सुरुवातीचे हजार रुपये आपलेच असतात. मी कागदावर दोन्ही हिशेब मांडले. दोन्हींत मी दुरुस्तीच्या खर्चाच्या कितीतरी पुढे गेले होते. बारा दिवसांची किंमत ती.

दुकानात दोन पोरांनी काच काढली. एक गाडीच्या आत बसला, एक बाहेर, आणि कडेच्या डिंकातून पातळ तार घालून दोघं ती करवतीसारखी ओढत फिरले. मला वाटायचं काच रबरात नुसती बसवलेली असते. जुन्या गाड्यांत असायची. आता ती पॉलियुरेथेनच्या डिंकाने गाडीच्या सांगाड्याला चिकटवतात, कारण तिचं काम वारा अडवण्यापुरतं राहिलेलं नाही. गाडी उलटली तर छत तोलायला ती मदत करते. शेजारच्या माणसाची एअरबॅग फुगते ती वर उसळून याच काचेला टेकते आणि मग माणसाकडे वळते. डिंक कच्चा असेल तर काचच निघून जाईल. म्हणून काच बसवल्यावर काही तास गाडी हलवायची नसते. नव्या गाड्यांत काचेमागे कॅमेरा असतो. तिथे काच बदलली की तो कॅमेराही पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. माझ्या गाडीला नाही, तेवढा एक खर्च वाचला. फास्टॅग मात्र जुन्या काचेबरोबर गेला, तो नवा काढावा लागला.

“ताई, आज दारं जोरात लावू नका,” पोरगा म्हणाला. “आणि एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. आत हवा दाबली गेली की काच उचलते.”

जुनी काच त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली होती. मी जवळ जाऊन पाहिली. तारा होता, रेघ होती, आणि काढताना पडलेल्या आणखी चार-पाच चिरा होत्या. पण काच अख्खी उभी होती. एक दाणाही खाली सांडलेला नव्हता. काचेने तिचं काम पूर्ण केलं होतं. करायचं राहिलं होतं ते माझं.

दोन आठवड्यांनी कराडला गेले. या वेळी घाटात डंपरच्या मागे राहिलेच नाही, चहाला थांबले आणि त्याला पुढे जाऊ दिलं. आप्पा फाटकात उभे होते. ते गाडीभोवती फिरले, काचेची कड बोटाने चाचपत गेले, डिंक कुठे कमी पडलाय का ते बघत. पेरांवरचे वण उन्हात पांढरे दिसत होते.

“बरी बसवलीया,” ते म्हणाले. मग खिशातून फडकं काढून त्यांनी काचेवरची धूळ पुसली.